दिसत नाही म्हणून हाताने लिहू नका



एरवी मी नुसता वाचणारा. पण मध्यंतरी एक्सेलच्या एका ग्राफमुळे आमच्या घरी जे होता होता राहिलं, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. विषय तसा रुक्ष आहे, चार्टवरच्या डेटा लेबलचा. पण आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील तिकडे आणि त्यांच्या औषधांचे, रिपोर्टांचे, एफडींचे तक्ते आपल्या लॅपटॉपवर, अशी परिस्थिती आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

सांगलीला बाबा एकटे असतात. वीज मंडळातून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली. आई गेल्यापासून ताईच सगळं बघते. ती दोन गल्ल्या सोडून राहते आणि तिचं टॅक्सचं काम करणारं छोटं ऑफिस आहे. मी इकडे कावासाकीत, नाम्बू लाईनवरच्या मुसाशी-नाकाहारा स्टेशनजवळ. माझ्या वाट्याला येतं ते म्हणजे रविवारचा व्हिडिओ कॉल, पैसे पाठवणं, आणि "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, मग एवढं बघ" या सदरात मोडणारी सगळी कामं.

मध्यंतरी बाबांना इन्सुलिन सुरू झालं. रोज रात्री एकदा. सुरुवात १० युनिटने, आणि शुगर बघून डॉक्टर हळूहळू वाढवणार असं ठरलं. बाबा दर रविवारी सकाळी उपाशीपोटी शुगर तपासतात आणि वहीत लिहून ठेवतात. सबस्टेशनवर आयुष्यभर तासातासाला लॉगशीट भरलेला माणूस, त्यामुळे तारीख, वेळ, आकडा, डोस आणि पुढे सही. स्वतःच्याच वहीत स्वतःची सही! आम्ही हसायचो. ताई ते आकडे एक्सेलमध्ये भरते, फाईल मला मेल करते आणि मी ग्राफ काढून परत पाठवतो.

सोळा आठवड्यांचे सोळा आकडे झाले. पहिला २१२, शेवटचा १२८. रेघ छान उतरत आलेली. ताई म्हणाली, "अरे, प्रत्येक ठिपक्यावर त्या दिवशीचा डोस लिहून येईल का? म्हणजे डॉक्टरांना एका नजरेत कळेल." सोमवारी सकाळी अकराची अपॉइंटमेंट होती. मी म्हटलं, "त्यात काय, दोन मिनिटांचं काम."

ज्यांचा याच्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्राफच्या ठिपक्याजवळ जो आकडा किंवा मजकूर येतो, ते डेटा लेबल. साधारणपणे तिथे त्या ठिपक्याचीच किंमत येते, म्हणजे आमच्या बाबतीत शुगर. मला तिथे शेजारच्या कॉलममधला डोस हवा होता. त्यासाठी एक्सेल २०१३ पासून 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स' नावाचा पर्याय आला आहे. लेबलवर राइट क्लिक करायचं, 'फॉरमॅट डेटा लेबल्स' उघडायचं, यादीत पहिलाच तो. माझा लॅपटॉप जपानी आहे, त्यात त्याला 'सेरु नो अताई' म्हणतात. ऑफिसात मी तो नेहमी वापरतो. आदल्याच शुक्रवारी वापरला होता. आणि त्या रविवारी रात्री तो यादीत नव्हता.

ग्रे झालेला असता तर समजलो असतो की काहीतरी अडलंय. पण तो नव्हताच. मालिकेचं नाव, वर्गाचं नाव, किंमत, एवढेच चौकोन. मी एक्सेल बंद करून उघडलं. मशीन रीस्टार्ट केलं. अपडेट तपासले. ऑफिस रिपेअर चालवलं, त्यात पाऊण तास गेला. इकडे रात्रीचे साडेअकरा, तिकडे आठ. ताईचा मेसेज, "झालं का रे?" शेवटी वैतागून मी एकेका लेबलवर दोनदा क्लिक करून हाताने टाईप केलं. १० यु., १२ यु., १२ यु., १४ यु., असं करत २० यु. पर्यंत. सोळा लेबलं, दहा मिनिटं. तपासून पाहिलं, सगळी बरोबर होती. फाईल पाठवली आणि झोपलो.

आता पुढची गंमत. गंमत म्हणतो खरं, पण अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

ताई नवी नोंद नेहमी सगळ्यात वर भरते, त्यामुळे फाईलमध्ये ताजा आठवडा वर आणि जुना खाली. सकाळी प्रिंट काढायच्या आधी तिला वाटलं, डॉक्टरांना तक्ता जुन्याकडून नव्याकडे असा दिलेला बरा. तिने तारखेवर सॉर्ट केलं. ग्राफकडे नजर टाकली. रेघ जशीच्या तशी, २१२ पासून १२८ पर्यंत उतरणारी. मग प्रिंट काढून ती बाबांना घेऊन गेली.

नेहमीचे डॉक्टर त्या दिवशी परगावी होते, त्यांच्या जागी दुसरे बसले होते. त्यांनी ग्राफ पाहिला आणि म्हणाले, "छान. डोस २० वरून १० वर आणलात आणि शुगर सव्वाशेच्या घरात आली. मग अजून कमी करायला हरकत नाही, आठ करून बघू." ताईला वाटलं, डॉक्टर म्हणतायत म्हणजे असेल तसंच. बाबा मात्र म्हणाले, "कमी कुठे केलाय डॉक्टर? मी तर वाढवत आलोय." आणि शर्टाच्या खिशातून वही काढली.

ग्राफवर लेबलं बरोब्बर उलटी लागली होती. २१२ च्या ठिपक्यावर २० युनिट, १२८ च्या ठिपक्यावर १० युनिट. इन्सुलिन वाढवल्यामुळे शुगर खाली आली, ही खरी गोष्ट. कागद सांगत होता की इन्सुलिन कमी केल्यामुळे खाली आली. एकही आकडा खोटा नव्हता. शुगर बरोबर, तारखा बरोबर, डोसही बरोबर. फक्त जोड्या चुकल्या होत्या, आणि त्या जोड्यांवरच औषध ठरणार होतं.

हे कसं झालं ते नीट समजून घ्या, कारण हा सापळा फार साधा आहे. हाताने टाईप केलेलं लेबल एक्सेल 'मालिकेतला पहिला ठिपका', 'दुसरा ठिपका' अशा क्रमांकाला चिकटवतं. त्या ओळीतल्या तारखेशी किंवा शुगरशी त्याचं काही नातं नसतं. सॉर्ट केल्यावर पहिल्या ओळीत जुनी तारीख आली, पण पहिल्या क्रमांकाचं लेबल '२० यु.' जागेवरच बसून राहिलं. त्यात खालचा अक्ष तारखांचा. तारखांचा अक्ष असला की एक्सेल ओळींचा क्रम काहीही असो, ठिपके तारखेप्रमाणेच मांडतं. म्हणून रेघेचा आकार जराही बदलला नाही. रेघ वेडीवाकडी झाली असती तर ताईच्या लक्षात आलं असतं. शहाण्या अक्षाने आमची चूक झाकून टाकली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ती काही बोलली नाही, म्हणजे रागावली नाही. फक्त म्हणाली, "अरे, मी सॉर्ट केलं म्हणून झालं का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने काय चुकीचं केलं होतं? तारखेवर सॉर्ट करणं हा काय गुन्हा आहे? चूक माझी होती. यादीत पर्याय दिसत नाही म्हटल्यावर तो का दिसत नाही, हे शोधायच्या ऐवजी मी तो जिथे असायला हवा होता तिथे हाताने रंग फासला होता.

त्या रात्री मी फाईल पुन्हा उघडली आणि या वेळी आधी वरची पट्टी वाचली. फाईलच्या नावापुढे चौकोनी कंसात लिहिलं होतं, 'गोकान मोडो'. म्हणजे कंपॅटिबिलिटी मोड. 'गोकान' हा शब्द मी ऑफिसात दिवसातून चारदा ऐकतो. पण रविवारी अडीच तास त्या पट्टीखाली मान घालून बसलो होतो आणि तो एकदाही वाचला नव्हता.

ताईच्या ऑफिसात एक जुनी कोरी फाईल आहे, वर्षानुवर्षं तिच्यावरूनच नव्या फायली बनतात. ती आहे .एक्सएलएस, म्हणजे एक्सेल २००३ पर्यंतची जुनी जात. २००७ मध्ये .एक्सएलएसएक्स ही नवी जात आली. जुन्या जातीत २०१३ चा पर्याय साठवायला जागाच नाही, म्हणून नवं एक्सेल तो दाखवतही नाही. सॉफ्टवेअर ताजं होतं, लायसन्स ठीक होतं, फाईल म्हातारी होती. मी पाऊण तास रिपेअर करत होतो ती नेमकी धडधाकट वस्तू होती.

इथे एक गाऱ्हाणं मांडतो. नव्या जातीची फाईल जुन्या जातीत साठवायला गेलात तर एक्सेल इशारा देतं, अमुक अमुक गोष्टी जातील म्हणून. पण जुनी फाईल उघडून नवा पर्याय शोधणाऱ्याला कोणी काही सांगत नाही. मेनूतून एखादी गोष्ट काढून टाकण्यापेक्षा ती ग्रे करून 'या फाईलमध्ये चालत नाही' एवढं लिहिलं असतं, तरी आमचा सोमवार वाचला असता. आपण सगळे कुठे ना कुठे स्क्रीन बनवतो. आपणही हेच करतो का, हे एकदा तपासून बघा.

जुन्या जातीची फाईल किती महागात पडू शकते याचं मोठं उदाहरण इंग्लंडचं आहे. २०२० च्या ऑक्टोबरात तिथे असं उघडकीला आलं की कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले होते. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले. प्रयोगशाळांकडून आलेल्या नोंदी पब्लिक हेल्थ इंग्लंडकडे .एक्सएलएस फायलींमध्ये ओढल्या जात होत्या आणि त्या जातीत एका शीटवर ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाहीत. नव्या जातीत १०,४८,५७६ मावतात. त्या रुग्णांना त्यांचे रिपोर्ट मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कात कोण आलं याचा शोध मात्र लांबला. तिथेही फाईल बिनतक्रार उघडत होती. जे मावलं नाही ते दिसलं नाही, आणि जे दिसलं नाही ते कोणी शोधलं नाही.

असो. आता कामाचं. तुम्हाला लेबलचा पर्याय सापडत नसेल तर मी आता या क्रमाने बघतो.

एक. वरची पट्टी वाचा. कंपॅटिबिलिटी मोड लिहिलं असेल तर 'फाईल', 'इन्फो', 'कन्व्हर्ट' करा किंवा नव्या जातीत 'सेव्ह अ‍ॅज' करा, मग फाईल बंद करून परत उघडा. नुसतं नावापुढचं शेपूट बदलून चालत नाही. एवढं करूनही चार्ट जुन्यासारखाच वागला तर तो चार्ट पुसून नवा काढा.

दोन. समोरच्याचं एक्सेल कोणतं आहे ते विचारा. मी फाईल नवी केली, लेबलं सेलवरून आणली, खुशीत पाठवली, तर ताईचा मेसेज: "बाबांच्या शुगरवर चौकोनी कंसात काहीतरी इंग्रजी आलंय." तिच्या ऑफिसात एक्सेल २०१० आहे. त्याला हा पर्याय माहीतच नसल्यामुळे ते प्रत्येक ठिपक्यावर डोसाच्या जागी 'सेलरेंज' असा शब्द छापतं. निदान ते खोटं तरी बोललं नाही.

तीन. चार्टचा प्रकार बघा. टक्केवारीचं लेबल पाय आणि डोनट चार्टलाच मिळतं. एकावर एक रचलेल्या कॉलमना लेबल 'बाहेरच्या टोकाला' ठेवायचा पर्याय नसतो, कारण मधल्या तुकड्याला बाहेर असं काही नसतंच. २०१६ मध्ये आलेल्या ट्रीमॅप, सनबर्स्ट वगैरे नव्या चार्टांना सेलवरून लेबल घेता येत नाही. तिथे पर्याय हरवलेला नसून मुळातच नसतो.

चार. काय निवडलंय ते बघा. लेबलवर एक क्लिक केलं की त्या मालिकेची सगळी लेबलं निवडली जातात, दुसरं क्लिक केलं की फक्त एक. "मी बदललं पण एकाच ठिपक्याला लागलं" ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

पाच. शीट प्रोटेक्ट केलेलं आहे का? तसं असेल आणि वस्तू बदलायची परवानगी दिली नसेल, तर चार्टला हात लावता येत नाही.

सहा. गूगल शीट्समध्ये असाल तर तिथलं घरच वेगळं. चार्ट एडिटरमध्ये मालिकेच्या नावाशेजारी तीन ठिपके असतात, त्यात 'अ‍ॅड लेबल्स' आहे.

आणि सातवं, जे मला त्या रविवारी आठवलं असतं तर हा मेल लिहावा लागला नसता. एका लेबलवर दोनदा, सावकाश क्लिक करा म्हणजे तेवढंच निवडलं जाईल. मग वरच्या फॉर्म्युला बारमध्ये बरोबरचं चिन्ह टाईप करा, हव्या त्या सेलवर क्लिक करा आणि एंटर दाबा. लेबल त्या सेलला बांधलं गेलं. सेलमधला डोस बदलला की लेबल बदलणार. सगळा तक्ता सॉर्ट केला की त्या ओळीत जो डोस येईल तोच ठिपक्यावर येणार. हे जुन्या एक्सेलमध्ये चालतं, जुन्या जातीच्या फाईलमध्येही चालतं. २०१३ च्या आधी लोक असंच करायचे. ठिपके शेकड्यांनी असले की रॉब बोव्ही यांचं 'एक्सवाय चार्ट लेबलर' हे अ‍ॅड-इन वापरायचे. सोळा लेबलं हाताने टाईप करायला मला जेवढा वेळ लागला, जवळजवळ तेवढ्याच वेळात ती बांधता आली असती.

सेलवरून लेबल घेतलं की सगळं सुरक्षित, असंही नाही बरं का. तक्त्यात नव्या ओळी घातल्यात तर लेबलांची रेंजही वाढली का ते बघावं लागतं. सगळे कॉलम न घेता एकच कॉलम सॉर्ट केलात तर कोणतंही एक्सेल तुम्हाला वाचवू शकत नाही. पण निदान लेबल आणि तक्ता एकच गोष्ट सांगतात. तक्ता चुकला तर ग्राफ चुकतो, तक्ता सुधारला की ग्राफ सुधारतो. ग्राफवर काय लिहिलंय आणि तक्त्यात काय आहे, अशी दोन वेगवेगळी सत्यं राहत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच आहे. ग्राफवरचा शब्द आकड्याशी बांधलेला हवा. तसा बांधता येत नसेल तर ग्राफवर तो शब्द नसलेला बरा. डॉक्टरांना डोस वेगळ्या कागदावर दिला असता, तरी कामाला आला असता. लेबल नाही म्हटल्यावर वाचणारा माणूस विचारतो. चुकीचं लेबल दिसलं की तो विचारतच नाही, कारण त्याला उत्तर मिळालेलं असतं.

यावर कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, एक्सेलवर औषधपाणी करूच नये, त्यासाठी अ‍ॅप्स आहेत. मान्य. पण मी असे कितीतरी जण ओळखतो ज्यांच्या आईवडिलांची सगळी माहिती एका फाईलमध्ये आहे, आणि ती तशीच राहणार आहे, कारण तिकडे भरणाऱ्या माणसाला तीच जमते. दुसरं कोणी म्हणेल, डॉक्टरांनी जुने पेपर बघायला हवे होते. तेही बरोबर. पण घाईच्या ओपीडीत छापील, रंगीत, नीटनेटका ग्राफ समोर आला की कोणीही त्याच्यावर विश्वास ठेवणार. आपण ग्राफ काढतो तेच मुळी त्याने विश्वास ठेवावा म्हणून.

आणि ही सवय काही घरापुरती नाही. वालचंदला असताना प्रॅक्टिकलची जर्नलं पुरी करायची म्हणून आम्ही आधी रेघ काढायचो आणि मग तिच्यावर बसतील अशी रीडिंग्ज लिहायचो. तुमच्यापैकी कोणी हे केलं नसेल तर हात वर करा. इथे जपानमध्ये वेगळीच तऱ्हा. काही बिघडलं की 'नाझे-नाझे', म्हणजे पाच वेळा 'का' विचारायची टोयोटाची पद्धत आमच्या ऑफिसातही पाळली जाते, लांबलचक फॉर्म भरून. पण त्याच ऑफिसात दर महिन्याच्या रिपोर्टमध्ये ग्राफवर टेक्स्ट बॉक्स ठेवून आकडे हाताने लिहिलेले मी पाहतो. खालचा ग्राफ नव्या महिन्याचा झाला तरी वरचा बॉक्स कधी कधी जुन्याच महिन्याचा असतो. बॉक्स हलवताना सगळे मिलीमीटरची काळजी घेतात, आत काय लिहिलंय ते मात्र सुटतं.

एक्सेलचा असा चित्रकलेच्या वहीसारखा वापर इथे इतका रुळलाय की त्याला स्वतंत्र नावं आहेत. शीटच्या सगळ्या सेल बारीक चौकोनी करून त्यावर फॉर्म आखला की तो 'होगानशी', म्हणजे आलेख कागद. आणि जो फॉर्म दिसतो कागदासारखा देखणा पण ज्यातून डेटा काही काढता येत नाही, तो 'कामी एक्सेल'. 'कामी' म्हणजे कागद आणि 'कामी' म्हणजे देव, असा तो श्लेष. २०१६ मध्ये तारो कोनो या खासदारांनी संशोधन अनुदानाच्या अशाच अर्जांवर जाहीर टीका केली होती. २०२० मध्ये तर जपानच्या अंतर्गत व्यवहार मंत्रालयाने सरकारी आकडेवारीच्या एक्सेल फायलींसाठी नियमच काढले. एका सेलमध्ये एकच माहिती, सेल जोडायच्या नाहीत, आकड्याच्या सेलमध्ये अक्षरं नकोत, आणि शीटवर चित्रं किंवा बॉक्स ठेवून त्यात माहिती लिहायची नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, असल्या गोष्टींना कसले नियम करायचे. आता शेवटच्या नियमापाशी आलो की मला आमचा सोमवार आठवतो.

आपण सॉफ्टवेअरवाले लोक तर दुप्पट जबाबदार. घरच्यांना वाटतं, याने केलंय म्हणजे बरोबरच असणार. ताईने ग्राफ तपासला नाही, कारण तो मी काढला होता. कोडमध्ये कोणी आकडा हाताने ठोकून ठेवला तर रिव्ह्यूमध्ये मी त्याला सोडत नाही. आणि घरच्या फाईलमध्ये, जिथे रिव्ह्यू करायला कोणी नसतं, तिथे सोळा आकडे हाताने ठोकून मी निवांत झोपलो होतो.

तर आता आमच्याकडे काय व्यवस्था आहे ते सांगतो. फाईल नवी आहे, पण लेबलं सातव्या पद्धतीने सेलला बांधलेली, म्हणजे ताईच्या २०१० मध्येही दिसतात. डॉक्टरांसाठी मी फक्त पीडीएफ पाठवतो, म्हणजे वाटेत कोणी सॉर्ट करायचा प्रश्न नाही. आणि प्रिंट काढली की ताई कोणतेही तीन ठिपके निवडते आणि बाबांच्या वहीशी ताडून बघते. बाबांना हे फार आवडलंय. दर वेळी ताडून झालं की वहीत तारीख टाकून ते तिचीही सही घेतात.

वहीवरून आम्ही आता हसत नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी एखादी फाईल असेल तर या शनिवार-रविवारी उघडा आणि वरची पट्टी वाचा. ग्राफवर लेबलं असतील तर त्यातल्या एकावर दोनदा क्लिक करा आणि फॉर्म्युला बारमध्ये काही दिसतंय का ते पाहा. सेलचा पत्ता दिसला तर ठीक. काहीच दिसलं नाही, तर एकतर लेबलं 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स'वाली किंवा साधी किंमत दाखवणारी आहेत, नाहीतर ती कोणीतरी हाताने लिहिलेली आहेत. खात्री करायची असेल तर फाईलची एक प्रत काढा, त्या प्रतीत एक आकडा बदला, आणि लेबल हलतं का ते बघा. ज्याने लिहिलंय त्याला मग सावकाश फोन करा. बहुतेक तो तुम्हीच असाल.

चू. भू. द्या. घ्या.

आपला,
कावासाकीहून एक सांगलीकर

ता. क. बाबांचा डोस सध्या २० वरच आहे, नेहमीचे डॉक्टर परत आल्यावर त्यांनी वही बघूनच ठरवला. आणि कृपा करून वरचे आकडे बघून कोणी आपल्या घरी इन्सुलिन कमीजास्त करू नका. ते आमच्या बाबांचे आहेत.